शिवणघर : सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला निळा सदरा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे सासरे निवृत्त शिक्षक आहेत, शाळेत विज्ञान शिकवायचे. येत्या मे महिन्यात त्यांची पंच्याहत्तरी आहे. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका लागायची. बाबा माझ्या नवऱ्याला शेजारी बसवून ते बघायचे आणि त्यातल्या टोकदार कानांच्या, निळ्या सदऱ्यातल्या शास्त्रज्ञाबद्दल अजूनही बोलतात. तो सदरा त्यांना शिवून द्यावा असं फार मनात आहे. नवरा म्हणतो, कप्तानाचा सोनेरी शिव. माझ्याकडे साधं पायमशीन आहे, ब्लाऊज आणि मुलांचे कपडे घरीच शिवते. अडचण अशी की बाबांचा डावा खांदा आखडलाय, हात वर जात नाही. पाठीला थोडा बाक आहे आणि पोट पुढं आहे. डोक्यातून घालायचा कपडा त्यांनी दोन वर्षांत घातलेला नाही. मखमल आणू का? किती आणू? सुरुवात कुठून करू? – एक सून, बार्शी

उत्तर : आधी रंगाचा वाद मिटवू. निळाच शिवा. त्या मालिकेत निळा सदरा विज्ञान आणि वैद्यक विभागाचा, लाल यंत्रविभागाचा आणि सुरक्षारक्षकांचा, आणि सोनेरी कप्तानाचा नि सुकाणू सांभाळणाऱ्यांचा. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला निळ्याखेरीज दुसरा रंग नकोच. यजमानांना हेही सांगा, की कप्तानाचं ते सोनेरी कापड मुळात सोनेरी नव्हतंच. ते शेवाळी हिरव्याकडे झुकणारं होतं. स्टुडिओतल्या दिव्यांखाली, त्या वेळच्या फिल्मवर ते सोनेरी उतरलं. दुकानात 'सोनेरी' मागितलंत तर लग्नाच्या मांडवाला लावतात तसलं काहीतरी चकचकीत पदरात पडेल. निळा घेताना आकाशी नको आणि शाळेच्या गणवेशाचा गडद निळाही नको. दोहोंच्या मधला, थोडा फिका निळा बघा, आणि तो दुकानाच्या बाहेर येऊन उन्हात बघा.

मखमल मात्र आणू नका. हे मी अनुभवाने सांगते. माझा धाकटा भाऊ चौथीत होता तेव्हा तोही हीच मालिका बघायचा, शेजारच्यांच्या घरी. त्यांचा टीव्ही काळा-पांढरा. त्यामुळे सदऱ्याचा रंग आम्ही बहीण-भावांनी मनानेच ठरवला, वांग्यासारखा जांभळा. मी तेव्हा नुकती शिवण शिकत होते. बाजारातून मखमल आणली, न भिजवता सरळ बेतली आणि स्नेहसंमेलनासाठी त्याला सदरा शिवला. रंगीत तालमीच्या दिवशी त्यावर सरबत सांडलं, आईने रात्री धुऊन टाकला, आणि सकाळी बाह्या मनगटाच्या चार बोटं वर! त्याने तो तसाच घातला. सगळा वेळ हात आत ओढून उभा राहिला होता. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं, की खुद्द त्या मालिकेतही नेमकं हेच झालं होतं. मालिका १९६६ साली सुरू झाली. कपडे विल्यम वेअर थाइस यांनी केलेले. पहिली दोन वर्षं सदरे वेलूरचे होते, म्हणजे मखमलीसारखी लव असलेलं पण विणलेलं, ताणलं जाणारं कापड. दर धुलाईला ते आटायचं, नटांच्या अंगावर सदरे आखूड व्हायचे. शेवटी तिसऱ्या वर्षी वेलूर सोडून त्यांनी डबल-निट घेतलं, म्हणजे दुहेरी विणीचं जाड होजियरी. वाचलं त्या दिवशी मी भावाला फोन केला होता.

तेव्हा आपणही एकदम तिसऱ्या वर्षात जाऊ. आपल्याकडची मखमल ताण्याबाण्याची असते, ती ताणली जात नाही; पोट पुढं आणि पाठीला बाक असलेल्या अंगावर ती ओढून बसेल. शिवाय बार्शीचा मे महिना! होजियरीच्या दुकानात सुती इंटरलॉक मागा, त्यांच्याकडे असेल त्यातलं जाडसर. दुकानातच दहा सेंटिमीटर कापड चिमटीत धरून आडवं ताणा. बारा-साडेबारापर्यंत जावं आणि सोडल्यावर पुन्हा दहावर यावं. परत येत नसेल तर ते कापड कोपराशी फुगेल, घेऊ नका. साठ इंची पन्ना असेल तर दोन मीटर पुरे, त्यात आटण्याची आणि एका चुकीची सोय धरली आहे. गळ्यासाठी काळी रिब, म्हणजे टी-शर्टाच्या गळपट्टीला असते ती ताणणारी वीण, पाव मीटर. दोन्ही कापडं रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी सावलीत आडवी पसरून वाळवा. दोरीवर टांगलीत तर ओल्या वजनाने लांबतात आणि मग माप खोटं पडतं.

आता खांद्याचं, कारण खरा प्रश्न तोच आहे. त्या सदऱ्याची बाही मुंढ्यात गोल बसवू नका. क्रिकेटच्या टी-शर्टात असते तशी, गळ्यापासून तिरकी काखेत उतरणारी बाही घ्या, तिला शिंपी रॅगलन म्हणतात. बाही वेगळ्या रंगाची असते ना, तोच टी-शर्ट. घरात मुलाचा किंवा यजमानांचा असा जुना, ढगळ टी-शर्ट असेल तर तो उसवा. सगळे भाग इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा. झाला तुमचा बेत. आखडलेल्या खांद्याला या बाहीत जागा मिळते, कारण हात हलला तरी ओढणारी गोल शिवणच तिथे नसते.

पण मुख्य युक्ती उघडण्याची आहे. सदरा डोक्यातून घालायचाच नाही. पुढच्या भागाची डावी तिरकी शिवण, गळ्यापासून काखेपर्यंत, उघडी ठेवा. तिथून तसंच खाली डाव्या कुशीची शिवणही दामनापर्यंत उघडी ठेवा. बाहीची स्वतःची खालची शिवण मात्र पूर्ण मारा. आता काय झालं? पाठ आणि दोन्ही बाह्या एकसंध, आणि पुढचा भाग फक्त उजवीकडे जोडलेला. घालताना आधी दुखरा डावा हात बाहीत, मग पाठीमागून सदरा फिरवून उजवा हात, आणि शेवटी पुढचा भाग छातीवरून आणून डाव्या कडेला लावायचा. आपल्या जुन्या बाराबंदीचाच हा मार्ग, फक्त बंद दिसत नाहीत. आणि काढताना उलट, आधी चांगला हात, शेवटी दुखरा. बटणं डाव्या कडेला आल्यामुळे त्यांचा उजवा हात ती स्वतः लावू शकतो. दुसऱ्याने कपडे चढवावे लागणं हे त्या वयात माणसाच्या मनाला फार लागतं, म्हणून मी कड मुद्दाम तिकडे घेतली.

या उघड्या कडेला दोन्हीकडून सव्वा इंचाची पट्टी लावा, आत पातळ फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, किंवा सुती नाडपट्टी घाला. होजियरीवर नुसतं टिचबटण लावलं तर दोन-चारदा ओढल्यावर कापडालाच भोक पडतं. तीन-तीन इंचांवर टिचबटणं, म्हणजे साधारण नऊ-दहा लागतील. आकाराने मोठी घ्या. बोटांत जोर नसेल तर वेल्क्रोचे छोटे तुकडे लावले तरी चालतात, पण त्याची काटेरी बाजू होजियरीचे धागे उचकटते, म्हणून ती बाहेरच्या बाजूला कधी उघडी राहू देऊ नका. हल्ली लोहचुंबकाची बटणंही मिळतात आणि म्हाताऱ्या बोटांना ती खरंच सोपी जातात. मात्र छातीत पेसमेकर असेल तर ती अजिबात नकोत. मला पत्रात हे कळलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

माप घेताना त्यांना उभं करू नका, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवा. समारंभात ते बसलेलेच असणार. पोटाचा घेर बसल्यावर घ्या आणि त्यावर दोन इंच सैल ठेवा, छातीचं माप मग आपोआप सांभाळलं जातं. पाठीच्या बाकासाठी पाठीच्या कागदावर, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला, मधल्या घडीपासून तिरक्या शिवणीपर्यंत आडवी रेघ मारून कापा. मध्यावर एक इंच उघडा, शिवणीशी शून्य. मधली घडी पट्टीने पुन्हा सरळ करून घेतली की गळ्याशी थोडं जास्तीचं कापड येईल, ते रिबमध्ये जिरून जातं. एवढं केलं नाही तर सदरा मागून वर चढतो आणि पुढून लोंबतो. बाक असलेल्या माणसांचे शर्ट नीट बघा, सगळ्यांचं असंच झालेलं दिसेल. त्यांना सवय झालेली असते, पण शिवणाऱ्याने ती सवय मान्य करायची नसते.

पायमशीनवर होजियरी शिवता येते, लोक उगाच घाबरवतात. गोल टोकाची सुई आणा, ११ किंवा १४ नंबरची, तिला बॉलपॉइंट सुई म्हणतात. साधी सुई धागा तोडते आणि धुतल्यावर शिवणीजवळ छिद्रं दिसू लागतात. दोरा पॉलिस्टरचा, वर आणि बॉबिनमध्येही. सुती दोरा ताणला की तटकन तुटतो. तुमच्या मशीनला झिगझॅग नसणार, तेव्हा सरळ टीपच मारायची, पण मारताना कापड सुईच्या पुढून आणि मागून दोन्ही हातांनी किंचित ताणून धरायचं. किंचित म्हणजे अगदी किंचित, शिवण लाटेसारखी दिसायला लागली तर हात सैल करा. आधी चिंध्यांवर वीतभर टीप मारा, ती जोरात ओढा. दोरा तुटला नाही तर हात बसला. कडा गल्लीतल्या पिको-फॉलवाल्याकडून ओव्हरलॉक करून घ्या.

गळ्याच्या काळ्या रिबची लांबी गळ्याच्या घेरापेक्षा साधारण एक षष्ठांशाने कमी कापा, आणि ताणून समान वाटत लावा. तीही डावीकडे उघडी हवी, टोकाला एक हूक.

बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या हुद्दा सांगतात. तुमच्या सासऱ्यांच्या आवडत्या शास्त्रज्ञाच्या बाहीवर दोन अखंड पट्ट्या असत. कप्तानाला त्या दोन अखंड पट्ट्यांच्या मध्ये आणखी एक तुटक. बाजारात सोनेरी लेस ढिगाने मिळेल, पण मी तुमच्या जागी असते तर सासूबाईंच्या एखाद्या विरलेल्या साडीचा जरीकाठ शोधला असता. बोटाच्या अर्ध्या रुंदीची पट्टी काढा, कडा आत दुमडा, खाली पातळ सुती कापड घ्या. सासूबाई आहेत की नाहीत हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर त्यांनाच विचारा कुठल्या साडीचा काठ द्यायचा, आणि नसतील तर यजमानांना विचारा. पट्ट्या बाही सपाट असतानाच शिवा, खालची शिवण मारायच्या आधी. आणि लक्षात ठेवा, जर ताणली जात नाही. म्हणून मनगटाचा घेर त्यांची मूठ सहज जाईल इतका, साधारण पंचवीस सेंटिमीटर तरी हवा.

छातीवर डावीकडे ते बाणाच्या टोकासारखं चिन्ह. बकरमचा, म्हणजे कॉलरच्या आत घालतात त्या कडक कापडाचा, अडीच इंच उंचीचा तुकडा कापा, वर सोनेरी कापड चिकटवा, कडेने काळ्या रेशमी दोऱ्याने साखळी टाका घाला. आतलं चित्र विभागाप्रमाणे बदलतं. चांदणी काढू नका, ती कप्तानाच्या विभागाची. विज्ञानाच्या चिन्हात लांबट गोल होते. मालिकेचं एखादं स्थिरचित्र मोबाइलवर मोठं करून समोर ठेवा आणि बघून टाका घाला. खाली घरातली काळी पँट आणि काळे बूट. कान लावू नका, एवढं माझं ऐका. त्या प्लास्टिकच्या कानांनी चष्म्याची काडी बसत नाही, आणि ऐकण्याचं यंत्र असेल तर तेही.

शेवटचं, सरप्राइज ठेवू नका. कच्च्या धाग्याने सगळं जोडून आठवडाभर आधी सदरा त्यांच्या अंगावर चढवून बघा. बसवा, उठवा, पाण्याचा पेला तोंडापर्यंत न्यायला सांगा. याच मालिकेचा पुढचा अवतार १९८७ साली आला तेव्हा थाइस यांनीच स्पँडेक्सचे, म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचे, एकसंध पोशाख केले होते, अंगाला घट्ट बसावेत म्हणून एक माप लहान कापलेले. नटांच्या पाठी दुखायला लागल्या, आणि तिसऱ्या वर्षापासून मुख्य नटांना लोकरीच्या कापडाचे दोन भागांचे पोशाख मिळाले. तेवढे शिंपी हाताशी असून त्यांना दोन वर्षं लागली. आपल्याकडे सासरे खुद्द घरात आहेत, विचारून घ्या. आणि अंगावर चढवल्यावर ते आरशात काय बघतात ते तुम्ही बघा, त्यासाठी वाढदिवसाची वाट पाहायची गरज नाही.

प्रश्न : काकू, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी बहीण दहा वर्षांची, उंची साडेचार फूट. तिला वाढदिवसाला 'स्टार वॉर्स' चित्रपटांतला जेडाय योद्धा व्हायचंय, तपकिरी टोपीचा झगा आणि आत तो आडवा-तिडवा सदरा. घरी आईचं मशीन आहे, आईला नोकरीमुळे वेळ नाही. मी आयुष्यात फक्त बटण लावलंय. जमेल का? – एक दादा, सांगली

उत्तर : जमेल, आणि तू शिवतोयस याचा मला इतका आनंद झालाय की पहिल्यांदा तुझंच उत्तर लिहायला घेतलं होतं.

आतला सदरा म्हणजे बाराबंदीच, घेर आणि बंद कमी केलेली. उजवा पदर खाली, डावा वर, कमरेला रुंद पट्टा. 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या चित्रपटाचे कपडे, १९७७ सालचे, जॉन मोलो यांनी केले. ते जुन्या लष्करी गणवेशांचे अभ्यासक होते, आणि त्या कामाला त्यांना ऑस्कर मिळालं. जुने, वापरलेले, माणसांनी खरंच रोज घातलेले वाटावेत असे ते कपडे होते. म्हणून चमकणारं साटिन घेऊ नकोस. मांजरपाट घे. त्यात खळ असते, आधी गरम पाण्यात उकळून ती काढ, मग चहाच्या कडक, गाळलेल्या पाण्यात अर्धा तास बुडव. ओलं असताना रंग गडद दिसतो, वाळल्यावर उतरतो, तेव्हा हवा त्याहून थोडा जास्तच चढू दे.

पण सुरुवात सदऱ्याने करू नकोस आणि झग्यानेही नाही. आधी पट्टा शीव. चार बोटं रुंद, आत बकरम, चार सरळ टिपा. त्यात तुझा पाय आणि हात एका लयीत येतील. वाकडी गेली तर उसव. उसवायचा कंटाळा करणाऱ्याला शिवण येत नाही.

झगा तुला वाटतो त्याहून सोपा आहे. जाड सुती तपकिरी कापड, ११० सेंटिमीटर पन्ना, अडीच मीटर. भिजवून, वाळवून झालं की १०५ ते ११० सेंटिमीटरचा तुकडा काप. तो आडवा असा दुमड की दोन्ही तयार काठ समोर, मध्यावर एकमेकांना भेटतील. झाले तुझे पुढचे दोन पदर आणि मागची पाठ, कुशीला शिवणच नाही आणि पुढच्या कडांना दुमडही नको. वरून खांद्याच्या दोन शिवणा मार, मध्ये चौदा सेंटिमीटर गळ्याला सोडून. मागचा गळा फक्त दोन सेंटिमीटर खोल. दोन्ही बाजूंच्या घडीवर, खांद्यापासून खाली पंचवीस सेंटिमीटर सरळ काप दे, तिथे बाह्या बसतील. बाही म्हणजे ५२ सेंटिमीटर रुंद आणि ४२ लांब असा नुसता चौकोन, नळीसारखा शिवलेला. लांबी कमी वाटेल, पण झग्याचा खांदा तिच्या खांद्याच्या बराच खाली उतरणार आहे. टोपीला ३३ बाय ३८ चे दोन तुकडे, मागची आणि वरची कड जोडायची, कोपरा गोल करायचा, आणि गळ्याला मध्यापासून दोन्हीकडे टाचत जायचं. मध्यापासूनच. एका टोकाने सुरुवात केलीस तर दुसऱ्या टोकाला कापड उरेल आणि तुला वाटेल बेतण्यात चूक झाली.

झगा घोट्याच्या चार बोटं वर संपव. चित्रात तो जमिनीवर लोळतो, पण तुझी बहीण जिन्यावरून पळणार आहे. टोपी डोळ्यांवर येत असेल तर आतून एक चुणी घालून मागे ओढ. आणि केकवरच्या मेणबत्त्या विझवताना बाह्या कोपरापर्यंत वर गुंडाळून तू तिच्या शेजारी उभा राहा. सुती कापड नायलॉनसारखं वितळून अंगाला चिकटत नाही, पण पेट घेतं.

प्रश्न : ताई, मुलगा साडेपाच वर्षांचा. शाळेत वेशभूषा स्पर्धा परवा आहे आणि निरोप आज आला. त्याला अंतराळातला यंत्रमानव व्हायचंय. मागच्या वर्षी खोक्याला चांदीचा कागद लावून घातला होता, त्याला खाली बसता येईना, शू लागली तर सांगेना, रडून गोंधळ. दोन दिवसांत काही शिवता येईल? – एक आई, लातूर

उत्तर : येईल. खोकं मात्र आता कायमचं बाद.

गाडीच्या पुढच्या काचेला उन्हासाठी लावतात ते चंदेरी, आत फोम असलेलं आवरण आणा. ते पुठ्ठ्यासारखं दिसतं आणि चादरीसारखं वाकतं. त्यातून पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे कापा, छातीपासून कमरेच्या वरपर्यंतच, म्हणजे बसताना मांडीला अडणार नाही. खांद्यावर आणि कुशीला वेल्क्रो. पोराने ओढलं की सुटलं पाहिजे. आत त्याचा नेहमीचा राखाडी किंवा पांढरा टी-शर्ट आणि इलॅस्टिकची पँट. पँट वेगळीच ठेवा, काही झालं तरी वरच्या भागाला जोडू नका. शूचा प्रश्न तिथेच सुटतो.

शिवताना सुई १६ नंबरची आणि टीप लांब. बारीक टीप मारलीत तर तिकिटाच्या कडेसारखी भोकं पडून तो तुकडा तिथेच फाटतो. चंदेरी बाजू मशीनच्या पायाला चिकटत असेल तर वर पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. टाचण्या लावू नका, त्यांची भोकं मिटत नाहीत. कपडे वाळत घालायचे चिमटे लावून धरा.

टाचण्यांवरून आठवलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. चंद्रावर गेलेल्या माणसांचे पोशाख अमेरिकेत डेलावेअरमध्ये शिवले गेले, आणि ते शिवणाऱ्या बायका त्याआधी त्याच कंपनीच्या प्लेटेक्स शाखेत ब्रा आणि कमरपट्टे शिवायच्या. एकावर एक वीसहून जास्त थर, आणि ते शिवायला साधी शिलाई मशीनच. थरांमध्ये एखादी टाचणी राहून गेली तर पोशाखाला भोक पडेल आणि आतल्या माणसाचा जीव जाईल, म्हणून त्यांचे पोशाख एक्स-रेखाली तपासले जात. तुमच्याकडे एक्स-रे नाही, पण रात्री अकरा वाजता घाईत शिवताना तुम्ही चिमटे संपल्यावर दोन-तीन टाचण्या लावणारच. तेव्हा आधी मोजून एका वाटीत काढा, शिवून झालं की त्याच वाटीत मोजून परत टाका, आणि मग सगळ्या कपड्यावरून तळहात सावकाश फिरवा. मी वर्गातल्या मुलींना लहान मुलांचं काहीही शिवलं की हे करायलाच लावते.

छातीवर बटणांसाठी बाटल्यांची रंगीत झाकणं, कडेला दोन भोकं पाडून दोऱ्याने शिवलेली. डिंकावर भरवसा नको, घामाने आणि उन्हाने ती सुटतात. डोक्याला काही घालू नका, फार तर केसांच्या पट्ट्याला दोन स्ट्रॉ उभ्या बांधा, टोकाला कापसाचे गोळे.

आणि आतल्या बाजूला, त्याचा उजवा हात पोचेल तिथे, टी-शर्टवर एक खिसा शिवा. रुमालाएवढा. मंचामागे थांबताना त्यात त्याचं काहीतरी आवडीचं राहू दे, खडा, चिंचोका, गाडीचं चाक, जे तो निवडेल ते.